राजा सर टी. माधवराव : अज्ञान राजाचे पालक

सातबाराच्या उताऱ्यावर एखाद्या लहान मुलाच्या नावाजवळ 'अ. पा. क.' अशी अक्षरे आपण पाहिली असतील. 'अज्ञान पालनकर्ता' या शब्दांची ती आद्याक्षरे होत. येथे अज्ञान म्हणजे अडाणी नव्हे. ज्याचे वय अठरा वर्षे पूर्ण झालेले नाही, तो कायद्याच्या भाषेत अज्ञान. त्याची जमीन त्याचीच असते, मात्र ती सांभाळण्याची जबाबदारी पालकावर असते, आणि मूल सज्ञान झाले की ती त्याच्या हाती सोपवून पालकाने बाजूला व्हायचे असते. ब्रिटिश हिंदुस्थानात अठरा वर्षांची ही मर्यादा १८७५ च्या कायद्याने ठरली. योगायोग असा, की त्याच वर्षी बडोद्यात बारा वर्षांच्या एका मुलाच्या नावे अख्खे राज्य लागले आणि ते सांभाळण्यासाठी तामिळ मुलखातून एक मराठी गृहस्थ आले. त्यांचे नाव टी. माधवराव.

नावातील 'टी.' हे अक्षर तंजावरचे आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तंजावरास मराठ्यांचे राज्य स्थापन केले. त्यांच्यामागून कारकून, पुराणिक, सैनिक, कीर्तनकार अशी अनेक मराठी कुटुंबे कावेरीच्या खोऱ्यात जाऊन राहिली. तंजावरजवळचे कुंभकोणम हे मंदिरांचे आणि महामहम तलावाचे नगर. तेथेही मराठी घरे होती. दारी तामिळ, घरात मराठी, पूजेला संस्कृत आणि कचेरीत पुढे इंग्रजी, अशा चार भाषांत या घरांतील मुले वाढत. अशाच एका देशस्थ कुटुंबात २० नोव्हेंबर १८२८ रोजी माधवरावांचा जन्म झाला. त्यांचे वडील रंगराव आणि चुलते व्यंकटराव या दोघांनीही त्रावणकोर संस्थानचे दिवाणपद भूषविले होते.

त्या वेळी तंजावरच्या गादीवर दुसरे सरफोजीराजे होते. त्यांची कथा आपल्या विषयाशी जवळची आहे. १७८७ मध्ये तुळजाराजांनी त्यांना दत्तक घेतले तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. राजाच्या मृत्यूनंतर सत्ता अमरसिंह यांच्याकडे गेली आणि बालक सरफोजींचे हाल झाले. श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याने त्यांना सांभाळले आणि शिकविले. १७९८ मध्ये गादी मिळाल्यावर याच सरफोजींनी सरस्वती महाल ग्रंथालय नावारूपाला आणले. पोरक्या राजपुत्राला चांगला पालक मिळाला तर काय घडू शकते, याचे उदाहरण माधवरावांच्या गावाशेजारीच होते.

माधवरावांचे शिक्षण मद्रासच्या सरकारी हायस्कुलात झाले. पॉवेल नावाचे गणिताचे नामांकित अध्यापक तेथे मुख्याध्यापक होते. १८४६ मध्ये माधवराव विशेष प्राविण्यासह उत्तीर्ण झाले. मग काही काळ त्यांनी हिशेबतपासनिसांच्या कचेरीत नोकरी केली. १८४९ मध्ये त्रावणकोरच्या राजपुत्रांना शिकविण्याचे काम त्यांच्याकडे आले. थोरले आयिल्यम तिरुनाळ सतरा वर्षांचे, धाकटे विशाखम तिरुनाळ बारा वर्षांचे, आणि शिक्षक स्वतः जेमतेम वीस वर्षांचे! चारेक वर्षे हे अध्यापन चालले. १८६० मध्ये आयिल्यम तिरुनाळ राजे झाले, तेव्हा त्यांचे पूर्वीचे गुरुजी त्यांचे दिवाण होते. पुढे बडोद्यात हीच गोष्ट अधिक मोठ्या प्रमाणावर घडायची होती.

अध्यापनानंतर माधवराव त्रावणकोरच्या महसूल खात्यात शिरले. या काळातील एका राजाज्ञेचा उल्लेख केलाच पाहिजे. संस्थानात गुलामगिरी होती आणि गुलामाच्या पोटी जन्मलेले मूल जन्मतःच गुलाम ठरत असे. १८५३ च्या जाहीरनाम्याने सरकारी गुलामांची यापुढे जन्माला येणारी मुले मुक्त ठरविली. १८५५ मध्ये दुसऱ्या जाहीरनाम्याने गुलामगिरीच संपुष्टात आणली. तेव्हा दिवाण कृष्णराव होते, त्यामुळे याचे श्रेय माधवरावांना देता येणार नाही. मात्र कायद्याची पहिली सवलत मुलांना मिळाली, ही गोष्ट त्यांच्या डोळ्यांदेखत घडली.

१८५७ मध्ये कृष्णरावांचे निधन झाले आणि माधवरावांकडे दिवाणपदाची सूत्रे आली. १८५८ पासून १८७२ पर्यंत ते त्रावणकोरचे दिवाण होते. मिरी व तंबाखू यांच्या व्यापारावरील सरकारी मक्ते त्यांनी उठविले आणि अनेक किरकोळ कर बंद केले. १८६५ च्या जाहीरनाम्याने सरकारी जमीन कसणाऱ्या कुळांना तिच्यावर पक्का हक्क मिळाला. रस्ते, कालवे आणि कचेऱ्या उभ्या राहिल्या. तिरुवनंतपुरमच्या सचिवालयाची भव्य इमारत त्यांच्याच कारकिर्दीत बांधली गेली. तिच्यासमोर त्यांचा पुतळा आहे. त्यावरून त्या चौकाला 'स्टॅच्यू' असेच नाव पडले आहे. बसमधून उतरणाऱ्या किती जणांना तो पुतळा कोणाचा हे ठाऊक असते, कोण जाणे.

शिक्षणाच्या बाबतीत त्यांनी एक मूलभूत गोष्ट केली. शाळा म्हणजे राजाने केलेला दानधर्म, ही समजूत मागे पडून शाळा हे सरकारी खाते बनले. राजधानीतील इंग्रजी शाळेचे १८६६ मध्ये महाविद्यालय झाले. त्याच सुमारास मल्याळी शाळांची पद्धतशीर उभारणी सुरू झाली. त्या शाळांना पुस्तके हवीत म्हणून १८६७ मध्ये पाठ्यपुस्तक समिती नेमण्यात आली. मल्याळी कवी केरळवर्मा वलिय कोयि तंपुरान यांनी या समितीसाठी पुष्कळ लेखन केले. पाठ्यपुस्तकाच्या कामात आयुष्य घालविणाऱ्या कोणालाही या समितीविषयी आपुलकी वाटेल. चार इयत्तांची नीटनेटकी पुस्तके तयार होणे ही राज्यकारभारात लहान बाब दिसते, पण तिच्यावाचून शाळेच्या भिंतींना अर्थ नसतो.

तथापि या शाळांचे दार सर्वांना उघडे नव्हते. गुलामगिरी कागदोपत्री गेली तरी पुलय व अन्य अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना सरकारी शाळेत प्रवेश मिळत नसे. त्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी अय्यंकाळी यांना मोठा लढा द्यावा लागला. नाडार स्त्रियांनी अंगावर वरचे वस्त्र घ्यावे की नाही, यावरून १८५९ मध्ये संस्थानात दंगे झाले, तेव्हाही परवानगी मिळाली ती उच्चवर्णीय स्त्रियांसारखे वस्त्र न घेण्याच्या अटीवर. माधवराव कुशल प्रशासक होते, न्यायी होते, पण रूढीला थेट धक्का देण्यापूर्वी ते दहा वेळा विचार करीत. त्यांच्या चरित्राची ही बाजू झाकून त्यांची थोरवी वाढणार नाही.

त्रावणकोर सोडल्यानंतर १८७३ ते १८७५ या काळात ते इंदूरला होळकरांचे दिवाण होते. तेथील वास्तव्य अल्प ठरले. त्यांच्यानंतर इंदूरचे दिवाणपद त्यांचे चुलतभाऊ रघुनाथराव यांच्याकडे गेले. रघुनाथरावही कुंभकोणमचेच. त्यांची गाठ आपल्याला पुढे पडणार आहे.

बडोद्यात त्या वेळी मोठी उलथापालथ झाली होती. मल्हारराव गायकवाड यांच्या राज्यात अंदाधुंदी माजली होती. इंग्रज रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग केल्याच्या आरोपावरून त्यांची चौकशी झाली आणि एप्रिल १८७५ मध्ये गैरकारभाराच्या कारणावरून त्यांना पदच्युत करण्यात आले. पूर्वीचे महाराज खंडेराव यांच्या पत्नी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. गायकवाड घराण्याची एक शाखा नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात शेती करून राहत होती. तेथून तीन मुले बडोद्यास आणली गेली. त्यांतील गोपाळ नावाच्या मुलाची निवड झाली. कशासाठी आलास, असे विचारताच आपण राज्य करण्यासाठी आलो आहोत असे त्याने धीटपणे सांगितले, अशी आख्यायिका आहे. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झाले आणि गोपाळचे सयाजीराव झाले.

ही कथा आपण नेहमी भाग्योदयाची कथा म्हणून ऐकतो. ती मुलाच्या बाजूनेही पाहावी. बारा वर्षांच्या मुलाचे गाव सुटले, आईचे रोजचे दर्शन सुटले, नाव सुटले. त्याला अक्षरओळख नव्हती. त्याची संमती कोणी विचारली नव्हती, आणि विचारलीच असती तरी त्या वयाच्या मुलाच्या होकाराला किती अर्थ होता? शिवाय राजवाडा म्हणजे सुरक्षित जागा नव्हे. अज्ञान राजाच्या भोवती नातेवाईक, मानकरी, सावकार, हुजरे अशा अनेकांचे हितसंबंध गोळा होतात. त्याला लाडावून, व्यसनात बुडवून नामधारी ठेवणे पुष्कळांच्या सोयीचे असते. आपल्या इतिहासात अशी किती राज्ये बुडाली, हे सांगण्याची गरज नाही. अशा मुलाचे हित पाहणारा पालक दोन मोहांपासून दूर असावा लागतो. त्याने स्वतः लुटू नये, आणि सत्ता सोडण्याची वेळ आली की खुर्चीला चिकटून राहू नये.

१८७५ मध्ये माधवराव बडोद्याचे दिवाण झाले. महाराज अज्ञान असल्याने सारा कारभार त्यांच्याच हाती होता. त्यांनी थकलेले पगार, बुडालेली कर्जे आणि शेतसाऱ्याचा गोंधळ निस्तरण्यास सुरुवात केली. न्यायालये व पोलीस यांची फेररचना केली. शाळा व दवाखाने काढले. पुढे नावारूपाला आलेल्या बडोदा कॉलेजचा पायाही याच वर्षांत घातला गेला. १८७७ मध्ये त्यांना 'राजा' हा किताब मिळाला.

पण त्यांच्या सात वर्षांच्या कारभारातील सर्वांत महत्त्वाचे काम एका वर्गखोलीत चालले होते. बालमहाराजांसाठी स्वतंत्र शाळा सुरू करण्यात आली आणि इंग्रज अधिकारी इलियट यांची शिक्षक म्हणून नेमणूक झाली. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या चार भाषा, गणित, इतिहास, भूगोल, शिवाय घोडेस्वारी व व्यायाम असा दिवसभराचा क्रम होता. जे शिक्षण इतर मुले सहाव्या-सातव्या वर्षी सुरू करतात, ते या मुलाने बाराव्या वर्षी मुळाक्षरांपासून सुरू केले. उशिरा शिकू लागलेल्या माणसाला काय कष्ट पडतात, हे या पुस्तकाच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. सयाजीरावांनी ते कष्ट केले आणि पुढे ते आजन्म वाचक राहिले.

अज्ञानकाळाच्या शेवटी माधवरावांनी महाराजांपुढे राज्यकारभारावर व्याख्याने दिली. ती १८८१ मध्ये 'मायनर हिंट्स' या नावाने छापली गेली. इंग्रजीत 'मायनर' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक किरकोळ, दुसरा अज्ञान बालक. म्हणजे या किरकोळ सूचनाही झाल्या आणि अज्ञान राजासाठी केलेल्या सूचनाही. राजाने लहरीने वागू नये, नियमाने वागावे. राज्याचा पैसा हा त्याचा खासगी पैसा नव्हे. माणसे निवडताना गुण पाहावेत, आणि कोणत्याही निर्णयाची कसोटी प्रजेचे हित हीच असावी. असा या व्याख्यानांचा सूर आहे. स्वतःच्या धन्याला, तोही उद्या आपली नेमणूक रद्द करू शकणाऱ्या धन्याला, मर्यादांचे धडे देणे सोपे नव्हते.

याच काळात, जानेवारी १८८० मध्ये, सयाजीरावांचा विवाह झाला. वधू तंजावरच्या मराठा घराण्यातील. सासरी त्यांचे नाव चिमणाबाई ठेवले. विवाहसमयी त्या पंधरा-सोळा वर्षांच्या होत्या, आणि त्या काळच्या मानाने हे वय थोडे थोराडच समजले जाई! १८८५ मध्ये क्षयरोगाने त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांना एकविसावे वर्षही पुरते ओलांडता आले नव्हते.

२८ डिसेंबर १८८१ रोजी सयाजीरावांना राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले. त्यांचे वय अठरा वर्षे नऊ महिने होते. पुढच्याच वर्षी माधवरावांनी बडोदा सोडले. तरुण महाराजांना आपल्या पद्धतीने कारभार करावयाचा होता, आणि जुन्या दिवाणांशी त्यांचे सर्वच बाबतींत जुळणे शक्य नव्हते. दोघांनाही ते उमजले असावे. पालकत्व संपले होते.

मद्रासमध्ये मैलापूरला माधवराव स्थायिक झाले. डिसेंबर १८८७ मध्ये राष्ट्रीय सभेचे तिसरे अधिवेशन मद्रासला भरले, तेव्हा स्वागत समितीचे अध्यक्ष तेच होते. त्याच वेळी तेथे सामाजिक परिषदेची पहिली बैठक झाली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि रघुनाथराव हे तिच्यामागचे प्रमुख कार्यकर्ते होते आणि अध्यक्षस्थान माधवरावांना देण्यात आले. रघुनाथराव मद्रास इलाख्यात विधवाविवाहाचा पुरस्कार करीत होते आणि बालविवाहाला खरा शास्त्राधार नाही, असे धर्मग्रंथांच्याच आधारे मांडीत होते. महाराष्ट्रातील रानडे आणि कावेरीकाठचे हे दोन मराठी बंधू एका व्यासपीठावर आले, तो प्रश्न होता मुलांचा. पाळण्यात बाशिंग बांधले जाणाऱ्या आणि समज येण्याआधी विधवा होणाऱ्या मुलींचा.

हा प्रश्न तेव्हा न्यायालयातही गाजत होता. मुंबईच्या रखमाबाईंचा विवाह अकराव्या वर्षी झाला होता. वयात आल्यावर त्यांनी सासरी जाण्यास नकार दिला. मार्च १८८७ मध्ये न्यायालयाने त्यांना नवऱ्याकडे जा अथवा सहा महिने कैद भोगा, असा निकाल दिला. रखमाबाई कैद पत्करण्यास तयार झाल्या. १८८८ मध्ये तडजोड होऊन प्रकरण मिटले आणि त्या पुढे डॉक्टर झाल्या. कायदा जेथे मुलीच्या बाजूने उभा नव्हता, तेथे तिला एकटीलाच उभे राहावे लागले. त्यानंतर संमतिवयाच्या विधेयकावरून देशभर वाद पेटला. परक्या सरकारने आमच्या धर्माचारात हात घालू नये, असे लोकमान्य टिळकांसारख्या नेत्यांचे म्हणणे होते. अखेर १९ मार्च १८९१ रोजी कायदा मंजूर झाला आणि मुलींचे संमतिवय दहावरून बारा करण्यात आले. दहावरून बारा! आज हा आकडा वाचताना अंगावर काटा येतो. पण त्या दोन वर्षांसाठी किती झगडावे लागले, हे विसरता कामा नये. त्यानंतर सोळा दिवसांनी, ४ एप्रिल १८९१ रोजी, माधवरावांचे बासष्टाव्या वर्षी निधन झाले.

त्यांच्या स्वतःच्या कारकिर्दीत बालविवाहाविरुद्ध वा सक्तीच्या शिक्षणासाठी एकही कायदा झाला नाही. तो झाला त्यांच्या विद्यार्थ्याच्या हातून. १८९३ मध्ये सयाजीरावांनी अमरेली तालुक्यातील काही गावांत प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. १९०६ मध्ये ही सक्ती साऱ्या राज्याला लागू झाली. मुलगे सात ते बारा वर्षांचे, मुली सात ते दहा वर्षांच्या. मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दंड होई. त्याआधी १९०४ मध्ये बडोद्याने बालविवाह प्रतिबंधक कायदा केला. मुलीचे वय बारा आणि मुलाचे सोळा ठरविले आणि कायदा मोडणाऱ्या पालकांना शिक्षा सांगितली. म्हैसूर संस्थानाने १८९४ मध्येच असा कायदा केला होता, पण त्यातील मुलींची मर्यादा अवघी आठ वर्षांची होती. बाराव्या वर्षी पाटी हाती घेतलेल्या राजाला शिक्षणाची सक्ती करावीशी वाटली, यात त्याच्या स्वतःच्या बालपणाचा काहीच वाटा नसेल, असे मला वाटत नाही.

ब्रिटिश मुलूख मात्र मागे राहिला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक आणले, ते दुसऱ्या वर्षी फेटाळले गेले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये ही सक्ती अमलात आणली. लग्नाच्या बाबतीत तर कुंभकोणमचेच उदाहरण पाहता येईल. तेथे वाढलेले थोर गणिती श्रीनिवास रामानुजन यांचा विवाह १९०९ मध्ये झाला, तेव्हा त्यांच्या पत्नी जानकी दहा वर्षांच्या होत्या. बडोद्यात हा विवाह गुन्हा ठरला असता, मद्रास इलाख्यात तो कायदेशीर होता. १९२० मध्ये रामानुजन निवर्तले. जानकीअम्माळ त्यानंतर चौऱ्याहत्तर वर्षे, १९९४ पर्यंत जगल्या. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी बालविवाहाला आळा घालणारा शारदा कायदा १९२९ मध्ये झाला. त्यात मुलीचे वय चौदा व मुलाचे अठरा होते. १९७८ मध्ये ही वये अठरा व एकवीस झाली. सध्याचा बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला मोफत व सक्तीचे शिक्षण मिळण्याचा हक्क २००९ च्या कायद्याने दिला. तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला.

मुलाला शाळेत आणले की राज्याचे पालकत्व संपत नाही. १६ जुलै २००४ रोजी कुंभकोणममधील एका खासगी शाळेच्या स्वयंपाकघरात आग लागली. ती गवती छपरांवरून वर्गांपर्यंत पोहोचली आणि ९४ मुले मृत्युमुखी पडली. वर्ग दाटीचे होते, बाहेर पडण्याच्या वाटा अपुऱ्या होत्या. या घटनेनंतर सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. १३ एप्रिल २००९ च्या निकालात न्यायालयाने सुरक्षित शाळेत शिकणे हा शिक्षणाच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक शाळेत आग विझविण्याची साधने बसवावीत आणि शिक्षकांना ती वापरण्याचे प्रशिक्षण द्यावे, असे आदेश त्या निकालाने देशातील सर्व राज्यांना दिले.